परवाना नसलेला पाळक : व्हेरिअर एल्विन आणि नागपूरचे बिशप, १९३१ ते १९३५

व्हेरिअर एल्विन यांचं नाव आपल्याकडे निघतं ते मानववंशशास्त्रज्ञ म्हणून. बैगा आदिवासींवरचं पुस्तक, मुरिया आदिवासींच्या घोटुलवरचं (तरुण-तरुणींच्या सामूहिक घरावरचं) पुस्तक, नेफामधलं (आजच्या अरुणाचल प्रदेशातलं) सल्लागारपद, नेहरूंचा स्नेह. त्याआधी ते अँग्लिकन चर्चचे, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतले, दीक्षित पाळक होते, हा भाग बहुतेक ठिकाणी दोन वाक्यांत उरकतात : मिशनरी म्हणून आले, गांधींच्या प्रभावाखाली आले आणि चर्च सोडून गेले. या दोन वाक्यांच्या फटीत एक पूर्ण प्रकरण दडलं आहे. वाद एका परवान्याचा होता. तो मागणारा पाळक तिशीच्या उंबरठ्यावर होता आणि नाकारणारे बिशप साठीचे. दोघंही आपापल्या परीनं प्रामाणिक होते, तरीही चार वर्षांत चर्चनं एक माणूस गमावला. चर्चच्याच नव्हे, कुठल्याही संस्थेच्या कारभारात असे प्रसंग येतात, म्हणून हे प्रकरण जरा सावकाश पाहू.

पार्श्वभूमी

एल्विन यांचा जन्म २९ ऑगस्ट १९०२ चा, इंग्लंडमधल्या डोव्हरचा. वडील एडमंड हेन्री एल्विन हे पश्चिम आफ्रिकेत सिएरा लिओनचे बिशप होते. १९०९ मध्ये ते वारले तेव्हा व्हेरिअर सात वर्षांचे होते. आई कट्टर धार्मिक. ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजात त्यांनी आधी इंग्रजी साहित्यात आणि मग धर्मशास्त्रात पहिला वर्ग मिळवला. १९२६ मध्ये विक्लिफ हॉल या पाळक घडवणाऱ्या संस्थेचे उपप्राचार्य झाले, दीक्षा झाली, पुढच्या वर्षी मर्टनचे चॅप्लेन, म्हणजे कॉलेजचे पाळक. पंचविसाव्या वर्षी इतकं पदरात पडलेला मुलगा पुढेमागे बिशप होणार, असं कुणीही म्हटलं असतं.

त्याच सुमारास त्यांची गाठ जॅक विन्स्लो यांच्या कामाशी पडली. विन्स्लो १९१४ पासून अहमदनगर भागात मिशनरी होते, रेव्हरंड टिळकांच्या कवितेचे चाहते आणि त्यांचे इंग्रजी चरित्रकारही. १९२२ मध्ये त्यांनी ख्रिस्त सेवा संघ काढला. इंग्रज आणि मराठी सभासदांनी एकाच पंगतीला जमिनीवर बसायचं, खादी नेसायची, शाकाहार करायचा, उपासनेला इथलं रूप द्यायचं, अशी त्याची रीत. पुण्यात शिवाजीनगरला संघाचा आश्रम उभा राहत होता. एल्विन १९२७ च्या अखेरीस तिथं आले. आपल्या लोकांनी हिंदुस्थानातून आजवर घेतलंच, आपण काही द्यायला जावं, ही त्यामागची भावना त्यांनी पुढे स्वतःच सांगितली आहे.

जानेवारी १९२८ मध्ये ते साबरमतीला गेले आणि गांधींच्या सहवासानं पार बदलून आले. १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला तेव्हा ख्रिस्त आणि सत्याग्रह यांची सांगड घालणारं पुस्तक त्यांनी लिहिलं. गोरा पाळक, अंगावर खादी आणि लेखणीतून काँग्रेसची बाजू, म्हटल्यावर पोलिसांची नजर गेली नसती तरच नवल. तरीही पुण्यात ते एका मान्य संघाचे सभासद होते. मागे विन्स्लोंसारखा जुना, जबाबदार माणूस उभा होता. ही छत्री पुढच्या प्रकरणात फार महत्त्वाची ठरते.

१९३१ च्या अखेरीस एल्विन यांनी संघ सोडला. त्यांच्यासोबत शामराव हिवाळे हा संघातलाच मराठी ख्रिस्ती तरुण बाहेर पडला. (पुढे १९४७ मध्ये अहमदनगर कॉलेज काढणारे डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे हे शामरावांचे भाऊ.) गरिबांतल्या गरिबांमध्ये जाऊन राहायचं एवढं ठरलं होतं, कुठं ते ठरलं नव्हतं. वर्ध्याचे जमनालाल बजाज यांनी गोंडांकडे बोट दाखवलं : मिशनरी आणि काँग्रेसवाले दोघांनीही ज्यांच्याकडे फारसं पाहिलं नाही असे लोक. मध्य प्रांतातला मंडला जिल्हा नक्की झाला.

पेच

अँग्लिकन व्यवस्थेत दीक्षा एकदाच होते, पण कुठल्याही धर्मप्रांतात पाळक म्हणून जाहीर काम करायचं तर तिथल्या बिशपचा परवाना लागतो. तो नसेल तर माणूस पाळक राहतो, पण प्रभुभोजनाचा (भाकर आणि द्राक्षरस वाटण्याचा) विधी चालवू शकत नाही, उपदेशपीठावर उभा राहू शकत नाही. पुणे मुंबईच्या बिशपच्या हद्दीत. मंडला नागपूरच्या.

नागपूरचे बिशप होते अ‍ॅलेक्स वुड. मूळ स्कॉटलंडचे. चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, मिशनचं काम करून वर चढलेले. नंतर सात वर्षं छोटानागपूरचे बिशप होते, त्यामुळे आदिवासी मुलखातलं चर्च कसं चालतं हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. १९२६ पासून नागपूरला. त्यांच्यासमोर आता हा ऑक्सफर्डचा हुशार मुलगा आला. त्याला गोंडांमध्ये राहायचं होतं, पण त्यांना ख्रिस्ती करण्याची घाई नव्हती, किंबहुना तसा इरादाच नव्हता, आणि त्याच्या मागे पोलिसांची फाईल होती.

वुड यांनी अट घातली : राजाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घ्या, परवाना देतो. एल्विन यांनी नकार दिला.

इथं घटकाभर थांबायला हवं, कारण ही शपथ वरवर दिसते तितकी साधी नाही. इंग्लंडमध्ये दीक्षेच्या वेळी राजनिष्ठेची शपथ कायद्यानंच घ्यावी लागते, तेव्हा एल्विन यांनी ती एकदा घेतलेली होतीच. बिशप नवं काहीच मागत नव्हते. दुसरीकडे, हिंदुस्थानातलं अँग्लिकन चर्च १९३० मध्ये इंग्लंडच्या सरकारी चर्चपासून कायद्यानं वेगळं झालं होतं. ज्या चर्चनं दोनच वर्षांपूर्वी राज्यसत्तेशी असलेली नाळ तोडली, त्याच्या बिशपनं परवान्यासाठी राजाची शपथ पुढे करावी, हे विचित्रच. पण नाळ कागदावर तुटली होती. लष्करी छावण्यांतल्या आणि सिव्हिल स्टेशनांतल्या चॅप्लेनांचे पगार अजून सरकारी तिजोरीतूनच निघत होते. ब्रिटिश नसलेल्या मिशनऱ्यांकडून सरकार तेव्हा लेखी हमी घेत असे. इंग्रज पाळकच सरकारविरोधी निघाला तर त्याची झळ बिशपला आणि इतर मिशनांना लागणार, ही वुड यांची भीती पोकळ नव्हती.

माझं वाचन असं : वुड यांना उत्तर हवं होतं ते ‘हा माणूस माझ्या हद्दीत काय करणार आहे’ याचं. त्यांनी विचारलं मात्र ‘तू कुणाचा आहेस’ असं. पहिल्या प्रश्नावर तासभर बोलता येतं, तडजोड निघते. दुसऱ्याला हो किंवा नाही एवढीच उत्तरं आहेत.

आणि प्रश्न विचारला गेला तो काळही वाईट होता. ४ जानेवारी १९३२. मुंबईत मणिभवनच्या गच्चीवर गांधी झोपलेले, जवळच एल्विन आणि शामराव. पहाटे तीनच्या सुमारास पोलीस अधिकारी वर आले. सोमवार, म्हणजे गांधींच्या मौनाचा दिवस. त्यांनी शांतपणे आवरलं, ‘वैष्णव जन’ म्हटलं गेलं, आणि निघण्यापूर्वी एल्विन यांच्यासाठी कागदावर चार ओळी लिहिल्या. तुमच्या देशबांधवांना सांगा, त्यांच्यावर माझं माझ्या लोकांइतकंच प्रेम आहे, असा त्यांचा आशय. हा कागद हातात घेतलेला माणूस त्याच दिवसांत राजाच्या शपथेवर विचार करत होता. ती घेणं त्याला जवळजवळ अशक्य होतं.

समोर असलेले पर्याय

शपथ घ्यायची आणि सोबत खुलासा जोडायचा, की ही निष्ठा कायद्याच्या मर्यादेत आहे, धोरणांना पाठिंबा म्हणून नव्हे. बऱ्याच पाळकांनी मनातल्या मनात हेच केलं असणार. एल्विन यांना ते दुटप्पी वाटलं. सत्यावर पुस्तकं लिहिणाऱ्याला मनात एक आणि कागदावर दुसरं ठेवणं जड जातं.

दुसरा पर्याय दुसऱ्या धर्मप्रांतात जायचा. मुंबई प्रांतात भिल्ल, वारली, ठाकर होतेच. पण मंडल्याला शब्द देऊन झाला होता.

तिसरा, परवान्याशिवाय साधा ख्रिस्ती माणूस म्हणून राहायचं. शाळा, दवाखाना चालवायचा, विधी करायचे नाहीत. दीक्षा शाबूत, अधिकार गोठलेले.

चौथा म्हणजे तडक चर्च सोडायचं. त्या वेळी ते त्यांच्या मनात नव्हतं. आईचा विचार होता, श्रद्धाही होती. मर्टनचा चॅप्लेन अजून पुरता मावळला नव्हता.

आणि एक पर्याय कुणीच मांडला नाही. मंडल्याचं केंद्र ख्रिस्त सेवा संघाचीच शाखा म्हणून काढायचं, परवान्याची जबाबदारी एकट्या एल्विनवर न टाकता संघावर ठेवायची आणि दोन बिशपांनी आपसात बोलून वर्षभराची तात्पुरती मुभा द्यायची. पण संघ सोडण्याचा निर्णय आधी झाला आणि परवान्याचं बोलणं नंतर सुरू झालं. क्रम उलटा असता तर वुड यांच्यासमोर एकटा बंडखोर नसता, विन्स्लोंची संस्था असती.

काय केलं गेलं

एल्विन यांनी तिसरा रस्ता धरला, पण त्याआधी आणखी एक गोष्ट केली. गांधींच्या अटकेनंतर लगेच ते वायव्य सरहद्द प्रांतात गेले. खान अब्दुल गफारखानांच्या अहिंसक खुदाई खिदमतगारांवर सरकारची काय दडपशाही चालली आहे ते पाहून लिहायचं होतं. पेशावरहून त्यांना बाहेर काढण्यात आलं. परवान्याचं बोलणं लोंबकळत असताना ही सफर करणं धाडसाचं होतं. व्यवहाराच्या दृष्टीनं मात्र आत्मघातकी. वुड यांच्या जागी कितीही उदार माणूस असता तरी त्याला वाटलंच असतं, की उद्या हा मंडल्यातही हेच करणार.

जानेवारी १९३२ च्या अखेरीस एल्विन आणि शामराव करंजियाला पोचले. अमरकंटकच्या डोंगररांगेतलं, नर्मदेच्या उगमाजवळचं गाव, आज दिंडोरी जिल्ह्यात. टिकरी टोला नावाच्या टेकडीवर कुडाच्या झोपड्या बांधल्या. त्यातच एक प्रार्थनेची खोलीही होती, सेंट फ्रान्सिसच्या नावाची. म्हणजे पाळक होता, प्रार्थनाघर होतं, पण विधी चालवायला परवाना नव्हता. लोक एल्विनना बडे भाई म्हणू लागले, शामरावांना छोटे भाई. गोंड सेवा मंडळ स्थापन झालं. गावोगाव छोट्या शाळा, औषधं आणि पुढे कुष्ठरुग्णांसाठी वस्ती. दारोदार जाण्याचं आणि भांडणं मिटवण्याचं काम बरंचसं शामरावांच्या अंगावर पडायचं, ते त्यांना साधायचंही.

येरवड्याच्या तुरुंगातून गांधींनी धीर दिला. सगळी पृथ्वी हेच तुमचं उपदेशपीठ, निळं आकाश हेच तुमच्या चर्चचं छप्पर, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं. वाक्य सुंदर आहे. पण ज्याला चर्चमध्ये राहायचं आहे त्याला या सल्ल्याचा उपयोग किती, हा प्रश्न मला पडतो. बाहेर जायची वाट मोठी करून दाखवणारे त्यांना खूप भेटले. आत राहायची वाट दाखवणारा कुणी भेटला नाही.

या प्रकरणातला सर्वांत बोलका टप्पा त्यानंतरचा आहे आणि तो सहसा नजरेतून सुटतो. १९३२ मध्येच एल्विन इंग्लंडला गेले. परत यायची वेळ आली तेव्हा इंडिया ऑफिसनं, म्हणजे हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या लंडनच्या सरकारी खात्यानं, हिंदुस्थानसाठी पासपोर्ट द्यायला आडकाठी केली. पत्रव्यवहार झाला आणि एल्विन यांनी लेखी कबूल केलं : मी गोंडांमधल्या कामापुरताच राहीन, सविनय कायदेभंगात किंवा कुठल्याही राजकीय चळवळीत भाग घेणार नाही, राजकीय चळवळ्यांपासून शक्यतो दूर राहीन. त्यावर परवानगी मिळाली, ते करंजियाला परतले आणि हा शब्द त्यांनी पाळलाही.

बिशपना शपथ नाकारणाऱ्यानं सरकारला त्याहून कडक हमी लिहून दिली, याला कुणी विसंगती म्हणेल. मला ती वाटत नाही. सरकारनं वागणुकीची हमी मागितली, आणि वागणूक माणसाला कामासाठी आवरता येते. बिशपनी निष्ठा मागितली होती. गोंडांसाठी ते गप्प बसायला तयार होते. राजाचा जयजयकार करायला नव्हते. साम्राज्याच्या इंडिया ऑफिसला जो फरक कळला, तो चर्चच्या कार्यालयाला कळला नाही, ही या प्रकरणातली खरी बोच.

ही हमी हाती आल्यावर वुड यांची मूळ भीती संपायला हवी होती. परवाना मात्र शेवटपर्यंत मिळाला नाही.

परिणाम

१९३५ मध्ये एल्विन यांनी चर्च ऑफ इंग्लंडशी असलेला संबंध तोडला. त्याचं खापर एकट्या वुड यांच्यावर फोडणं बरोबर नाही. मधल्या तीन वर्षांत खुद्द एल्विन बदलत गेले होते. गोंडांच्या नाचगाण्यात, त्यांच्या मोकळ्या स्त्री-पुरुष संबंधांत, त्यांच्या देवदेवतांत त्यांना जे दिसलं त्यानं पापाबद्दलच्या त्यांच्या जुन्या कल्पना ढासळल्या. याच काळात ते गांधींपासूनही सरकत गेले. जिथं कापूस पिकत नाही तिथं चरखा कशाला, आणि मोहाची दारू ज्यांच्या पूजेत आहे त्यांना दारूबंदी कशी सांगायची, असे त्यांचे प्रश्न होते. म्हणजे परवाना मिळाला असता तरी ते गेले असते, असंही म्हणता येईल.

तरी एक फरक पडतो. परवाना असता तर शंका आल्यावर ज्यांच्याशी बोलायचं अशी माणसं, दर रविवारचा विधी, वर्षातून एकदा बिशपांची भेट, हे सगळं राहिलं असतं. विधीपासून तोडलेल्या पाळकाची श्रद्धा सुकते तेव्हा ती मुळातच कच्ची होती की पाण्यावाचून गेली, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.

पुढचं आयुष्य सर्वांना ठाऊक आहे. १९३९ मध्ये बैगांवरचा ग्रंथ आला. आदिवासींना काही काळ संरक्षित ठेवावं, या त्यातल्या सूचनेवरून मोठं वादळ उठलं. मुंबई विद्यापीठातल्या गो. स. घुर्ये यांनी १९४३ मध्ये, पुण्याच्या गोखले संस्थेनं प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात त्यांचा सडकून समाचार घेतला. १९५४ मध्ये एल्विन भारतीय नागरिक आणि नेफाच्या प्रशासनाचे आदिवासी-विषयक सल्लागार झाले. १९६१ मध्ये पद्मभूषण. २२ फेब्रुवारी १९६४ ला दिल्लीत निधन. आत्मचरित्राला मरणोत्तर साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. बिशप वुड १९३६ मध्ये नागपूरहून पायउतार झाले, एल्विन यांनी चर्च सोडल्यावर एका वर्षात.

वेगळं काय करता आलं असतं

एल्विन यांच्या बाजूनं दोन गोष्टी. संघ सोडण्याआधी मंडल्याचा परवाना पक्का करायला हवा होता, आणि सरहद्दीची सफर एक तर आधी तरी करायची किंवा दुसऱ्या कुणावर सोपवायची. लढाई आणि अर्ज एकाच महिन्यात चालत नाहीत.

बिशपांच्या बाजूनं यादी थोडी मोठी होते. शपथेऐवजी कामाबद्दल लेखी समजूत मागता आली असती. सरकारनं तेच केलं आणि ते चाललं. पूर्ण परवाना द्यायची तयारी नसेल तर फक्त करंजियाच्या आश्रमापुरती, सभासदांपुरती मुभा देता आली असती. इंग्लंडहून हमी देऊन माणूस परतला तेव्हा फाईल पुन्हा उघडायला हवी होती. एकदा ‘नाही’ म्हटल्यावर पुनर्विचाराची तारीख न ठेवणं ही संस्थांची जुनी खोड आहे.

चर्चमध्ये अशा माणसांना जागाच नव्हती, असं म्हणायला आधार नाही. गांधींचे मित्र आणि अँग्लिकन पाळक चार्ली अँड्र्यूज यांनी १९१४ मध्ये पाळकाचं काम थांबवलं होतं. आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात ते पुन्हा करू लागले, कारण त्यांच्या बाबतीत दार कुणी कडी लावून बंद केलं नव्हतं. पुण्याच्या त्याच आश्रमातून आलेले, खादीतले विल्यम लॅश १९४७ मध्ये मुंबईचे बिशप झाले.

राहिले शामराव. दोन गोऱ्यांच्या या वादात त्यांचं मत कुणी विचारलं नाही. टेकडीवर प्रभुभोजन बंद राहणार होतं ते त्यांच्यासाठीही, आणि मंडळाचा रोजचा गाडा ओढायचा होता तो त्यांनीच. १९४६ मध्ये त्यांनी एल्विन यांचं चरित्र लिहिलं, त्याच वर्षी परधान या आदिवासी जमातीवरचा स्वतःचा अभ्यासही प्रसिद्ध केला. नागपूरच्या त्या बोलण्यात नगरकडचा हा तिसरा माणूस बसवला असता, तर करंजियात नेमकं काय करायचं आहे हे बिशपांना त्याच्याकडून ऐकता आलं असतं. चांद्याला वर्षं काढलेल्या वुडना मराठी माणसाशी बोलणं काही नवं नव्हतं.